दाटीतलं अक्षर आणि डोळ्याची पहिली उडी

(अमळनेर येथे शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. सुरुवातीची पाच मिनिटं काम तुमचं आहे. प्रत्येकाकडे कोरा कागद दिलाय. त्यावर मधोमध एक बारीक फुली काढा आणि कागद शेजारच्याला द्या. शेजारच्याने फुलीच्या उजवीकडे चार बोटं सोडून एकच अक्षर काढायचं, नखाएवढं, त्याच्या मनाला येईल ते. आता कागद परत घ्या, एक हात लांब धरा, नजर फुलीवरून हलू देऊ नका. अक्षर ओळखू येतंय? बहुतेक माना हलताहेत. आता खाली दुसरी फुली काढा आणि शेजारच्याकडून तीन अक्षरं काढून घ्या. मधलं तेवढंच चार बोटांवर, बाकीची दोन त्याला दोन्ही बाजूंनी खेटून. पुन्हा नजर फुलीवर. मधलं अक्षर कोणतं?

मागून एक बाई म्हणाल्या, "काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही." अगदी नेमकं बोललात. ते अक्षर बारीक झालेलं नाही, पुसट झालेलं नाही. काहीतरी आहे हेही दिसतंय. पण शेजाऱ्यांचे काने-मात्रे त्याच्या अंगात मिसळलेत. दृष्टिशास्त्रात याला क्राउडिंग म्हणतात. मी त्याला आपला साधा शब्द वापरते, दाटी.

आता तिसऱ्यांदा. बाजूची दोन अक्षरं मधल्यापासून दोन-दोन बोटं लांब काढायला सांगा. मधलं अक्षर सुटं झालं ना? चार बोटांवरच्या अक्षराला दोन बोटांची मोकळीक लागते. हा हिशेब १९७० साली हेर्मान बाउमा या डच संशोधकाने मांडला. नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत शेजारी नको. माणसामाणसांत हा आकडा कमीजास्त होतो, आणि आजचं सगळं बोलणं त्या कमीजास्तीबद्दलच आहे, काही मुलांचं वाचन तिच्यामुळे कसं अडतं आणि ती मोजायची कशी याबद्दल.

रावेर-यावलकडची मंडळी इथे आहेत म्हणून सांगते. केळी आपण पाच बाय पाच फुटांवर लावतो, कारण त्याहून जवळ लावली तर झाडं एकमेकांचं ऊन खातात. डोळ्याचंही लावणीचं अंतर असतं. पण शेतात ते बांधापर्यंत एकच राहतं. डोळ्यात मात्र मध्यावर झाडं अगदी दाट चालतात आणि बांधाकडे सरकाल तसं अंतर वाढवत न्यावं लागतं. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढा, जेमतेम दोन अंशांचा तुकडा डोळा खरा बारकाईने पाहतो. त्याच्या बाहेर दाटीचं राज्य सुरू होतं.

वाचताना याचं काय होतं? आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जातो. १८७९च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं की तो वाहत नाही, उड्या मारतो. आपली लाल एसटी आठवा, फाटा आला की थांबली. डोळा एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, तेवढ्यात जे दिसेल ते घेतो आणि पुढे उडी मारतो. उडी सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिस्स्यात संपते आणि त्या वेळात आपण जवळपास काही पाहत नाही. इंग्रजी वाचणाऱ्या सराईत माणसाची उडी सात ते नऊ अक्षरांची असते. दहातल्या एक-दीड उडीला तो मागेही येतो. एका थांब्यावर किती अक्षरं दाटीशिवाय सुटी दिसतात, त्यावर पुढची उडी किती लांब टाकता येईल हे ठरतं. ज्याची मोकळी खिडकी अरुंद, त्याची एसटी प्रत्येक फाट्यावर थांबते.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला आबा म्हणतो, त्याने आठवीत शाळा सोडली. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. आबाला वर्गात उभं करून वाचायला लावायचे आणि तो ओळीच्या मध्यावर अडायचा. 'अभ्यास करत नाही' हे वाक्य त्याच्या प्रगतिपुस्तकावर इतक्या वेळा आलं की घरातही सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. हाच आबा सप्त्यातलं कीर्तन एकदा ऐकून दुसऱ्या दिवशी ओट्यावर जसंच्या तसं सांगायचा. केळीच्या गाडीचा हिशेब तोंडी करायचा.

१८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. हुशार, चुणचुणीत, पण वाचता येत नाही. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. शिकत असताना मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. सव्वाशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे कोणीतरी आमच्या आबाचं वर्णन लिहून ठेवलं होतं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, झाले तेव्हा पहिली सविस्तर तपासणी आबाची केली. नंबर नाही. तक्त्यावरचं सुटं अक्षर दाखवलं, तर सगळ्यांत बारीकही वाचलं. तेवढ्याच आकाराची अक्षरं ओळीत, खेटून ठेवली तर अडखळला. अक्षर तेच, उजेड तोच, शेजारी आले आणि गेलं. आळशी डोळा, म्हणजे एका डोळ्याची नजर लहानपणी नीट तयार न झालेली, अशा मुलांत हा फरक आम्ही नेहमी पाहतो. पण आबाचे दोन्ही डोळे उत्तम होते.

इथे घाई करू नका. बुद्धी चांगली असून वाचन अडतं त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. पण डिस्लेक्सिया म्हणजे दाटी, असं ऐकून घरी जाऊ नका. वाचनाच्या अडचणीत सर्वांत जास्त पुरावा आहे तो आवाजाच्या बाजूचा. शब्द ध्वनींत फोडणं, ध्वनी आणि अक्षर यांची गाठ चटकन बांधणं, हे बहुतेक डिस्लेक्सिक मुलांना जड जातं. दाटी हा दुसरा धागा. काही मुलांत तो जाड असतो, काहींत नसतोच. आणि म्हणूनच तो मोजायला हवा, त्या एका मुलापुरता, वेगळा काढून.

मोजायचा कसा? जुनी पद्धत तुम्ही आत्ता केलीत तीच. फुलीकडे बघ, बाजूला तीन अक्षरं क्षणभर चमकतील, मधलं सांग. अक्षरं सेकंदाच्या पाचव्या हिस्स्याहून कमी वेळ दाखवतात, कारण डोळ्याला नवी उडी मारायला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणजे नजर तिथे पोचायच्या आत ती गेलेली असतात. पण आठ वर्षांच्या पोराला फुलीवर नजर रोखून बस म्हणून पाहा. दोनदा बसेल, तिसऱ्यांदा अक्षर कुठे येणार तिकडे आधीच बघून ठेवेल. नजर अक्षरावर गेली की दाटी संपली आणि मोजमाप खोटं झालं.

दुसरी अडचण मला जास्त बोचते. ज्या मुलाला अक्षराचं नाव चटकन आठवत नाही, तीच त्याची मूळ तक्रार, त्यालाच आपण अक्षराचं नाव विचारतोय. तो चुकला तर काय समजायचं? अक्षर दिसलं नाही, का दिसलं पण नाव सापडलं नाही? आणि नंदुरबारकडच्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको, घरी भिली, पावरी, मावची बोलणारं मूल, धुळ्या-जळगावातलं अहिराणी बोलणारं मूल, त्याला प्रमाण मराठीतला उतारा दिला की अडखळणं भाषेमुळे आहे का वाचनामुळे, हे वेगळं करणं फार कठीण होतं. २०१५ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, त्यात मराठीही आहे. ते मोठं काम झालं. तरी मराठी ही घरची भाषा नसलेल्या मुलाचा प्रश्न उरतोच.

म्हणून तोंडाला विचारायचं सोडून डोळ्याला विचारायचं.

नजर टिपणारं यंत्र साधं समजून घ्या. संगणकाच्या पडद्याखाली एक कॅमेरा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो. त्या दिव्याचा एक ठिपका बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका फारसा सरकत नाही. दोघांतल्या अंतरावरून नजर कुठे आहे ते काढतात. त्याआधी मुलाला पडद्यावरच्या पाच किंवा नऊ ठिपक्यांकडे पाहायला सांगून यंत्राला त्या मुलाचा डोळा शिकवावा लागतो. प्रयोगशाळेतली चांगली यंत्रं सेकंदाला हजार वेळा ही नोंद घेतात. डोळ्याला काही लागत नाही, टोचत नाही.

आता मांडणी बघा. पडद्याच्या मधोमध एखादं छोटं चित्र येतं. मुलाची नजर त्या चित्रावर टेकली आहे हे यंत्राला दिसल्याशिवाय पुढचं काही येतच नाही. फुलीवर नजर ठेव म्हणून ओरडायची गरज संपली. मग डावीकडे आणि उजवीकडे, सारख्या अंतरावर, तीन-तीन गोल कड्या येतात. एका बाजूच्या मधल्या कडीला वर फट आहे, दुसऱ्या बाजूच्या मधल्या कडीला खाली. मुलाला एवढंच सांगितलेलं असतं, वर तोंड उघडलेल्या कडीकडे बघ. अक्षर नाही, नाव नाही, भाषा नाही. मोकळ्या अंतरावर कड्या असल्या तर डोळा सेकंदाच्या चौथ्या-पाचव्या हिस्स्यात बरोबर बाजूला उडी घेतो.

मग शेजारच्या कड्या जवळ आणायच्या. बरोबर उडी आली तर आणखी जवळ. चुकली तर जरा लांब. असं जिन्यावर चढ-उतार केल्यासारखं करत एका अंतरापाशी येऊन मूल घुटमळतं. फक्त अंदाजाने मारलं तरी शंभरात पन्नास बरोबर येणार, म्हणून पंचाहत्तरच्या आसपास जिथे बरोबर येतात ते अंतर धरतात. ते त्या मुलाच्या डोळ्याचं लावणीचं अंतर.

या सगळ्यात जीव आहे तो एका नियमात. मोजायची ती फक्त पहिली उडी. डोळा एकदा कडीवर जाऊन बसला की कडी नजरेच्या मध्यावर आली, दाटी गेली, आता तर कोणालाही फट दिसेल. मूल मग दुसऱ्या बाजूला उडी मारून चूक सुधारतं. त्या सुधारणेचं कौतुक आहे, पण ती मोजमापात घ्यायची नाही. तशीच कड्या दिसल्यापासून सेकंदाच्या दहाव्या हिस्स्याच्या आत आलेली उडीही सोडून द्यायची, कारण इतक्या लवकर बघून ठरवणं शक्य नाही, तो नुसता अंदाज असतो. आणि मध्ये मध्ये एकटी कडी, शेजाऱ्यांशिवाय दाखवायची. एकट्या कडीतही मूल चुकत असेल तर तो माझ्या दुकानाचा विषय, आधी चष्मा बघू.

अजून वाचायला न लागलेल्या मुलालाही हे करता येतं. कॅलिफोर्नियात २०१० साली तर सहा ते पंधरा महिन्यांच्या बाळांची दाटी नजरेवरून मोजली गेली. पहिलीत जायच्या आधी मोजलं, तर वाचन कमी झालं म्हणून दाटी जास्त राहिली की दाटी जास्त म्हणून वाचन अडलं, या प्रश्नालाही हात घालता येतो. मोठ्या मुलांत तो गुंता सुटणं अवघड असतं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मुलाला धडा वाचायला द्या आणि वाचताना त्याचे डोळे टिपा. तसं करतातही. डिस्लेक्सिक मुलाचे थांबे जास्त, लांबलेले, उड्या आखूड, माघारी जास्त. पण हाच नकाशा चांगल्या वाचणाऱ्या मुलाला त्याच्या आवाक्याबाहेरचा उतारा दिला तरी दिसतो. आणि डिस्लेक्सिक मुलाला त्याच्या पातळीचा सोपा उतारा दिला की त्याचे डोळे पुष्कळ शहाण्यासारखे चालतात. डोळे अडखळतात कारण वाचन अडलेलं असतं. म्हणून डोळ्यांचे व्यायाम करून डिस्लेक्सिया जाईल, रंगीत काचांनी जाईल, असं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलंय की अशा उपायांना पुरावा नाही. हे मी डोळ्यांच्याच धंद्यात राहून सांगतेय. पोटाला चिमटा काढून जमवलेली रक्कम अशा ठिकाणी गेलेले पालक माझ्याकडे आले आहेत. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नाही.

मग दाटी मोजून उपयोग काय? २०१२ साली इटली आणि फ्रान्समधल्या चौऱ्याहत्तर डिस्लेक्सिक मुलांना, आठ ते चौदा वर्षांच्या, दोन तऱ्हांनी छापलेली वाक्यं दिली गेली. एक नेहमीची. दुसरी तीच, पण चौदा पॉइंटच्या अक्षरांमध्ये अडीच पॉइंट जादा जागा. काही शिकवणी नाही, सराव नाही. मोकळ्या छपाईत अचूकपणा दुपटीला गेला आणि वेग वीस टक्क्यांहून जास्त वाढला. त्याच पातळीवर वाचणाऱ्या लहान, साध्या मुलांना त्या जागेचा फायदा झाला नाही. पुढच्या अभ्यासांत मात्र सगळ्यांना सारखा फायदा दिसला नाही. मग २०१८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी प्रत्येकाची दाटी मोजली, आणि जागा वाढवल्याचा फायदा ज्यांची दाटी जास्त त्यांना होतो असं दिसलं. सरसकट सगळ्यांना एकच औषध देऊन हळहळण्यापेक्षा आधी मोजा, हे मी म्हणते ते याच्या जोरावर.

आता आपल्या लिपीकडे येऊ. इथे मला जास्त वेळ हवाय.

रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ओढून लांब करता येतं. आपलं बालबोध शिरोरेषेला टांगलेलं. अक्षरांत जागा वाढवली की संगणकावर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. शिवाय आपली दाटी आडवीच नाही, उभीही आहे. 'सर्वांनी' लिहा. 'वां'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार, बाजूला काना, पुढे 'नी'ची वेलांटी येऊन भिडलेली. एकाच अक्षराच्या अंगात चार जणांची वस्ती. तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "म्याडम, अक्षरं एकमेकना आंगवर चढतस." दाटीची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचली नाही.

आणि जागा आपल्याकडे अर्थही बदलते. 'र' आणि 'व' जवळ आले की 'ख'. 'रवाना' आणि 'खाना' यांच्यात फरक किती? एका केसाएवढ्या मोकळिकीचा. म्हणून इटालियन मुलांचे ते अडीच पॉइंट उचलून मराठी पुस्तकात टाका, असं मी म्हणणार नाही. शब्दांमधली जागा आणि ओळींमधली जागा मात्र शिरोरेषा न तोडता वाढवता येते, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडणं थांबतं. जुनी मोडी तर आधी सबंध रेघ ओढून, शब्द न तोडता लिहायचे, आणि कारकून ती झरझर वाचायचे. पण ते वर्षानुवर्षं तेच वाचणारे लोक होते. तिसरीतल्या पोरीकडून ती अपेक्षा करू नये.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, हे हक्काने मागता येतं. ते मागाच. मी आणखी एक मागते, प्रश्नपत्रिका मोकळ्या ओळींत छापा. त्याला फक्त कागद थोडा जास्त लागतो.

एका गुरुजींनी चिठ्ठी पाठवलीय, "असं यंत्र आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कधी येणार?" गुरुजी, मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर नजर टिपायची खटपट जगभर चालू आहे. नजर डावीकडे गेली का उजवीकडे, एवढं त्यांना बऱ्यापैकी कळतं. कोणत्या अक्षरावर थांबली, ते नीट कळत नाही. आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकलं असेल तर पहिल्या उडीच्या प्रयोगाला डावीकडे का उजवीकडे, एवढंच लागतं. त्यामुळे मला या बाजूने आशा वाटते. मात्र स्वस्त यंत्रातली नोंद संथ असते, आणि मुलाने डोकं हलवलं तर बिघडते. तेव्हा मुलाच्या नावापुढे काही लिहायला ती आज वापरू नका.

तोवर एक जुनी युक्ती आहे. १९२८ साली अमेरिकेत वॉल्टर माइल्स यांनी ती लिहून ठेवली. वाचायच्या कागदाच्या मध्यावर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, मटकीच्या दाण्याएवढं भोक पाडायचं. मूल एका बाजूने वाचतं, तुम्ही मागून भोकाला डोळा लावून त्याच्या डोळ्यांच्या उड्या मोजता. सुरुवातीला काही कळत नाही, दहा मिनिटांत डोळा सरावतो. एका ओळीला किती थांबे, ते लिहा. मग तसाच, तेवढाच सोपा दुसरा उतारा, पण मोकळा छापलेला, त्याचे थांबे मोजा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, आधी मोकळा, मग दाट, नाहीतर सरावाचा फायदा जागेच्या नावावर चढेल. यातून दाटीचा आकडा मिळत नाही आणि निदान तर अजिबात होत नाही. पण एखाद्या मुलाचे थांबे मोकळ्या छपाईत दरवेळी कमी होताना दिसले, तर उद्यापासून त्याला तसा कागद द्यायला कोणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

आबाला मी गेल्या दिवाळीत असाच कागद दिला. केळीवरच्या करप्याची माहिती होती, मोठ्या ओळींत छापून घेतलेली. त्याने बोट न ठेवता सगळी वाचली आणि मला विचारलं, "औषधाच्या डब्यावर असं का नाही छापत?"

पुठ्ठे, कात्र्या आणि दोन्ही तऱ्हांचे उतारे मी बरोबर आणलेत. मुलांना घेऊन आलेल्यांनी पुढे खिडकीपाशी या. उजेड चांगला आहे तोवर प्रत्येकाने एकेका ओळीचे थांबे मोजून पाहू.